एकच निशाण

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की आई जमिनीवर जुनी चादर दुमडून पसरायची आणि बाबांच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करायची. गुडघ्यापर्यंत येणारा, मोठ्या खिशांचा तो कोट पाहून शेजारच्या मल्याळी नर्सबाईंना सुरुवातीला वाटलं होतं की बाबा कुठल्यातरी दवाखान्यात जातात. कोटाबरोबर एक पांढरी टोपी आणि काठीला लावलेली दोन पांढरी निशाणं असायची. हे सगळं घेऊन बाबा दोह्यातल्या अल दुहैल भागातल्या आमच्या गल्लीतून पायी मैदानाकडे निघायचे, आणि मी खिडकीचा पडदा सारून घ्यायचे. माझ्या शाळेतल्या दोन मुली त्याच गल्लीत राहायच्या. बाबा दिसले की त्या दोन हात वर करून निशाणं फडकवल्याची नक्कल करत. मी त्यांच्याबरोबर हसायचे नाही, पण त्यांना थांबवायचेही नाही.

आम्ही राहायचो ते घर म्हणजे एका मोठ्या व्हिलाचा तुकडा. मालकाने लाकडी भिंती घालून तिथे चार कुटुंबं वसवली होती. भिंतीपलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्याच स्वयंपाकघरात झाल्यासारख्या ऐकू यायच्या, गच्चीवरचा पाण्याचा पंप सुरू झाला की कपाटातली भांडी थरथरायची, आणि एसीच्या घरघरीची इतकी सवय होती की वीज गेली की त्या शांततेनेच जाग यायची. शुक्रवारचा बेत ठरलेला असायचा. नाशिकहून डब्यात भरून आणलेल्या काळ्या मसाल्याची मिसळ, आणि इथला पाव आईला पसंत नसल्यामुळे बरोबर कोपऱ्यावरच्या बेकरीतला गरम खुबूस, म्हणजे अरबी रोटी. रस्सा पुसून खायला तो पावापेक्षा बरा, हे आई नाशिकला गेली की सांगायची आणि तिथे कुणाला पटायचं नाही. मिसळीनंतर ती बाबांच्या मैदानावरच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबासाठी चिवड्याचा मोठा डबा भरायची. तिथल्या लोकांना तो फार आवडायचा. त्याला ते ‘वॅसचा चिवडा’ म्हणायचे, कारण बाबांचं वसंत हे नाव त्यांनी कापून वॅस केलं होतं.

बाबा वेस्ट बेमधल्या एका बांधकाम कंपनीत इस्टिमेटर होते. त्यांचे साहेब ग्रॅहम, उंच, तांबूस केसांचे, बोलायला अगदी साधे. क्लबाचे अध्यक्षही तेच आणि कप्तानही तेच. एकदा चहाच्या वेळी बाबांनी सहज सांगितलं की तरुणपणी नाशिकला ते कबड्डीचे पंच होते. रेषेवर उभं राहून कुणाचा पाय पडला, कुणाचं बोट लागलं ते बघायचं, हे काम. ग्रॅहम साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, वॅस, शुक्रवारी मैदानावर ये. त्यांचा गोल अंपायर नुकताच कतार सोडून मायदेशी गेला होता.

त्यांचा फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळाच. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, आणि हातपाय दोन्ही चालतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. खेळाडूने लाथाडलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून सरळ गेला तर गोल, त्याचे सहा गुण, आणि गोल अंपायर दोन्ही निशाणं फडकवतो. तो बाजूच्या खांबांतून गेला, किंवा वाटेत कुणाचा हात त्याला लागला, तर एकच गुण आणि एकच निशाण. या खेळातलं मला तेव्हा एवढंच कळलं होतं, आणि पुढच्या गोष्टीसाठी एवढंच पुरेसं आहे.

मैदानाच्या कडेला क्लबाची एक पत्र्याची केबिन होती. तिच्या भिंतीवर लाकडी फळे होते आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत नावं. कोणत्या वर्षी कोण कप्तान, कुणाचे सर्वांत जास्त गोल, कुणाला उत्तम खेळाडूचा मान, कोणत्या संघाला किती फरकाने हरवलं. बाबांना त्या भिंतीचं वेड लागलं. सामना सुरू होण्याआधी ते तिथे उभे राहून वाचत राहायचे आणि रात्री जेवताना आम्हाला सांगायचे, जणू नात्यातल्याच माणसांच्या गोष्टी. एकदा आई वैतागून म्हणाली की या माणसांपैकी एकही आता इथे नाही, मग त्यांचं काय एवढं. बाबा म्हणाले, इथे सगळेच दोन-चार वर्षांत जातात, म्हणून तर लिहून ठेवतात. तेव्हा मला तो पोरकटपणा वाटला. आज, इतकी वर्षं दोह्यात काढल्यावर आणि इतक्या मैत्रिणींना विमानतळावर सोडून आल्यावर, तसं वाटत नाही.

त्या भिंतीवर एक गोष्ट नव्हती. एकही सामना न हरता पूर्ण झालेला हंगाम. माझ्या बारावीच्या वर्षी तो होणार असं दिसू लागलं. आमचा क्लब, म्हणजे मी कधीच आमचा म्हटला नाही तरी आमच्या घरात तो तसाच होता, सगळे सामने जिंकत शेवटच्या सामन्यापर्यंत आला. पाहुणा संघ दुबईचा. फळ्यावर जागा मोकळी ठेवून झाली होती. त्या दिवशी आई आग्रहाने मलाही घेऊन गेली. परीक्षा तोंडावर आहे, थोडी हवा खा, म्हणाली. मी अर्थशास्त्राचं पुस्तक मांडीवर उघडून मैदानाच्या लांब कडेला मधोमध बसले होते, खांबांपासून दूर.

शेवटच्या मिनिटाला क्लब दोन गुणांनी मागे होता आणि चेंडू ग्रॅहम साहेबांच्या हातात होता. हे त्यांचं खेळाडू म्हणून शेवटचं वर्ष, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी चेंडू मारला. मला दिसलं ते इतकंच, की चेंडू खांबांकडे गेला, पाहुण्यांचा एक पोरगा रेषेवर उडी मारून हात ताणून गेला, आणि चेंडू मधल्या खांबांतून पार झाला. आमच्या बाजूचे सगळे उभे राहून ओरडत मैदानात धावले. भोंगा वाजला. आणि रेषेवर पांढऱ्या कोटातले बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी एक बोट दाखवलं, मग खाली वाकून एकच निशाण उचललं आणि हळू फडकवलं.

क्लब एका गुणाने हरला.

कुणी बाबांच्या अंगावर धावून गेलं नाही, शिवी दिली नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं असं बाबा पुढे एकदा म्हणाले. ग्रॅहम साहेब त्यांच्याजवळ आले, काहीतरी विचारलं, बाबांनी मान हलवली, साहेब परत फिरले. केबिनमध्ये चिवड्याचा डबा होता तसा भरलेला राहिला. आम्ही तो घेऊन पायी घरी आलो. घरी आल्यावर मी विचारलं, खरंच लागलं होतं का. बाबा बुटाच्या नाड्या सोडत होते. म्हणाले, “मला आवाज आला. चामड्यावर नख घासल्याचा.” एवढंच. पाहुण्या संघाचा तो पोरगा हात वर करून लागलं लागलं म्हणत होता खरा, पण तो म्हणणारच.

त्यानंतरचे आठवडे मला सामन्यापेक्षा जास्त आठवतात. बाबांचा करार संपत आला होता. दर वेळी तो न मागता वाढायचा, या वेळी पत्र आलं नाही. बाबा विचारायला गेले की ऑफिसातला माणूस म्हणायचा, इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात. ग्रॅहम साहेब लिफ्टमध्ये भेटले तर गुड मॉर्निंग म्हणायचे, पूर्वी वॅस म्हणायचे ते थांबलं. आमचा व्हिसा कंपनीच्या हातात. करार संपला तर देश सोडायचा, आणि माझी परीक्षा, माझा प्रवेश, सगळं अर्ध्यावर. आई रात्री कपाट उघडून वरच्या बॅगा खाली काढायची, पुसायची आणि पुन्हा वर ठेवायची. त्या दिवसांत मिसळ झाली नाही. खिचडी, लोणचं, खिचडी, पापड. मी अभ्यास करते असं दाखवून भिंतीपलीकडच्या शिट्ट्या ऐकत बसायचे.

आमच्याकडे हक्काने येणारे एकच होते, परकार चाचा. मूळचे रत्नागिरीचे, बाबांच्याच कंपनीत. व्हिसा, परवाने, सरकारी कचेऱ्यांतली कामं ते बघायचे, आणि मासळी बाजारातून आमच्यासाठी हमूर निवडून आणायचे. आई मासे करायची नाही म्हणून तो मासा ते स्वतःच आमच्या ओट्यावर साफ करून, मसाला लावून तळायचे आणि तिच्या नाक मुरडण्याला हसायचे. त्या संध्याकाळी मात्र ते मासे न आणता आले. बाबांना म्हणाले, “वसंत, साहेबाला एकटा गाठ नि बोल, माझी नजर चुकली. तुझं काय जातंय त्यात? दोन शब्द बोललास की खलास.”

बाबा म्हणाले, “पण चुकली नाही ना.”

“ते तुला नि अल्लाला माहीत,” चाचा म्हणाले. “पोरीची परीक्षा मात्र सगळ्यांना माहीत आहे.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आईनेही नाही. मी पुस्तकात पाहत होते. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्या खोलीत आम्ही चौघं होतो.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी साहेबांना गाठलं. त्यांची कल्पना अशी, की बंद दाराआड एक वाक्य बोलायचं आणि विषय मिटवायचा. ग्रॅहम साहेबांनी उभं राहून त्यांचा हात दाबला म्हणे. म्हणाले, वॅस, याला धैर्य लागतं. आणि मग म्हणाले की क्लबाचं वार्षिक जेवण येत्या आठवड्यात आहे, तिथे हे चार शब्द सगळ्यांसमोर बोललास तर पोरांचं मन मोकळं होईल, कुटुंबालाही घेऊन ये. बाबा घरी येऊन हे सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा, चढा भाव सांगून फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकासारखा होता. आई म्हणाली, जाऊ नका. मग थोड्या वेळाने म्हणाली, माझी ती मोरपंखी साडी इस्त्रीला टाकते.

वेस्ट बेमधल्या हॉटेलातली ती मोठी खोली, पांढरी टेबलं, आणि भिंतीपाशी केबिनमधून उचलून आणलेले ते सोनेरी अक्षरांचे लाकडी फळे. बाबांनी नाशिकला शिवलेला तपकिरी सूट घातला होता. तो खांद्यात सैल झाला होता. जेवणानंतर ग्रॅहम साहेबांनी त्यांना बोलावलं. बाबा माइकजवळ गेले आणि शाळेतल्या मुलाने पाठ केलेलं म्हणावं तसं इंग्रजीत म्हणाले, की त्या दिवशी मला वाटलं बोट लागलं. लागलं नव्हतं. तो गोल होता. चूक माझी होती आणि माझ्यामुळे क्लबाचा मान गेला.

सगळी खोली टाळ्यांनी भरून गेली. लोक उभे राहिले. मनापासून, प्रेमाने उभे राहिले, हे मला आजही मान्य केलं पाहिजे, कारण त्या प्रेमामुळेच ते बघवत नव्हतं. कुणीतरी हसत पुढे आलं आणि बाबांना एक बक्षीस दिलं. लाकडाच्या तुकड्यावर बसवलेला जाड काचांचा चष्मा, त्या वर्षीचा गमतीचा पुरस्कार. पोरं ओरडू लागली, घाल, घाल. बाबांनी तो लाकडावरून ओढून काढला आणि डोळ्यांवर चढवला. ते हसले. बाबांचं तसलं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या ऑफिसात, साहेबांच्या खोलीत, ते हसू रोजचं असेल, मला ते माहीत नव्हतं इतकंच. आई ताटातल्या पुडिंगकडे पाहत होती. कोट घालून गल्लीतून जाणाऱ्या बापाची मला लाज वाटायची, ती किती हलकी होती, हे मला त्या टेबलाशी बसून समजलं.

पुढच्या आठवड्यात कराराचं पत्र आलं. माझी परीक्षा झाली, निकाल चांगला लागला. निकालाच्या दिवशी परकार चाचा मला आणि आईला गाडीतून बँकेत घेऊन चालले होते. सिग्नलला गाडी थांबली असताना ते समोर बघत म्हणाले, “वहिनी, एक बोलू? ते लेटर जेवणाच्या आधीच साईन झालं होतं. साहेबानं कधीच केलं होतं. क्लार्क सुट्टीवर गेला नि ते त्याच्या ट्रेमध्ये पडून राहिलं. मला काल कळलं.” मग म्हणाले, “वसंतला सांगू नका.”

आईने पदराने तोंड पुसलं. आम्ही सांगितलं नाही. आई गेली तोवर तिने सांगितलं नाही, आणि मीही नाही.

मला बाबांचा राग यायचा तो निराळाच. त्या जेवणानंतर मी त्यांना पुन्हा एकदा विचारलं होतं, लागलं होतं की नव्हतं. ते म्हणाले, आता सांगितलं ना सगळ्यांसमोर. त्यानंतर मलाही कळेना की कोणतं खरं. कधी वाटायचं, त्या आवाजाचं त्यांनीच मनात काही रचलं असेल. चारचौघांत चूक कबूल करणाऱ्या माणसावर त्याच्या पोरीनेही विश्वास ठेवायचा तो कोणत्या गोष्टीवर? बाबा पुढे मैदानावर गेले नाहीत. शुक्रवारी दुपारी ते झोपू लागले.

आता बाबा माझ्याकडेच असतात, इथेच दोह्यात. मेंदूच्या झटक्यानंतर त्यांचं बोलणं नीट आलं, माणसं ओळखतात, फक्त छापील अक्षरं त्यांना लागत नाहीत. ती एकमेकांत मिसळतात म्हणतात. या हिवाळ्यात केट नावाची एक तरुण मुलगी घरी आली. क्लबाचा इतिहास आणि सगळ्या नोंदी यांचं पुस्तक निघणार आहे, ते काम तिच्याकडे. हुकलेल्या हंगामाचं एक प्रकरण आहे आणि त्या प्रसिद्ध चुकीबद्दल तिला खुद्द वॅस यांच्याकडून ऐकायचं होतं. मी पोहे केले. तिने फोन रेकॉर्डिंगला लावून टीपॉयवर ठेवला आणि फार अदबीने विचारलं की नेमकं काय झालं होतं.

बाबांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि इंग्रजीत म्हणाले, “बोट लागलं होतं. मी दिलेला निर्णय बरोबर होता. नंतर बोललो ते खोटं.”

केट हसली, मग हसायची थांबली. तिने विचारलं की मग माफी का मागितलीत. बाबा म्हणाले, ग्रॅहम माझे साहेब होते, आणि करार संपत आला होता. यात त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ट्रेमध्ये पडलेल्या पत्राचं त्यांना अजूनही माहीत नव्हतं, मला होतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. बाहेर केट विचारत होती, मग मी काय लिहू.

“दोन्ही लिही,” बाबा म्हणाले. “निशाण खरं होतं. माफी खोटी होती. दोन्ही माझंच आहे.”

पुस्तक महिन्याभराने ईमेलवर आलं. त्या प्रकरणात बाबांचा तपकिरी सुटातला, चष्मा लावून हसणारा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं की अंपायरची ही चूक त्याने पुढे मोठ्या मनाने कबूल केली, आणि क्लबाच्या इतिहासातला हा सर्वांत लाडका क्षण आहे. पुढे एक वाक्य होतं की आजही हे गृहस्थ आपला निर्णय बरोबर होता अशी गंमत करतात. मी केटला लिहिलं. तिचं उत्तर लगेच आलं, आणि ते खरंच खिन्न होतं. तिने प्रयत्न केला होता. समितीचं म्हणणं, साहेब हयात आहेत, पुस्तक त्यांच्याच हस्ते निघायचं आहे, आणि दोन वेगवेगळ्या हकिकती छापल्या तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, पुस्तक आलं का. मी हो म्हणाले. वाच, म्हणाले. मी त्यांच्या पलंगाशी बसून फोन हातात धरला आणि समोर छापलेल्या ओळींवरून डोळे फिरवत इंग्रजीत वाचू लागले, की पंचाचा निर्णय बरोबर होता, चेंडूला बोट लागलं होतं, आणि नोकरीच्या काळजीने त्याला पुढे खोटी माफी मागावी लागली, असं तो स्वतः सांगतो. माझा आवाज नीट राहिला. बाबांनी डोळे मिटले होते.

“छापलं त्यांनी,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “पुन्हा वाच.”

मी आधी काय म्हणाले होते ते शब्द आठवत, तेच, त्याच क्रमाने, मला पुन्हा वाचावे लागले.